अकरा मॉडांची यादी

निपाणीत कचेरीच्या समोर माझं टेबल आहे. एक संगणक, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वर पत्रा. पंचवीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहून देते. आधी हातानं लिहायची, आता टाईप करते. माझ्या हातचा अर्ज कधी परत आलेला नाही. हे मी फुशारकी मारायची म्हणूनच सांगते, खोटा विनय मला जमत नाही. माझं पहिलं काम परत आलं ते कुठल्या साहेबाकडून नाही, माझ्या लेकीच्या ठोकळ्यांच्या गेमकडून.

हा गेम तुम्ही कुणाच्या तरी घरी बघितला असेल. सगळं जग चौकोनी. डोंगर चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. ठोकळे फोडायचे, गोळा करायचे आणि एकावर एक रचून पाहिजे ते बांधायचं. माझी लेक बेंगळूरला नोकरी करते. गणपतीला घरी आली तेव्हा ती लॅपटॉपवर हेच खेळत बसली होती, आणि मी शेजारी मोदकाचं सारण ढवळत होते. तिच्या त्या गेममधल्या माणसानं झाडाच्या बुंध्यावर चार ठोसे मारले. बुंध्याचा खालचा तुकडा निघून हातात आला आणि वरचं अख्खं झाड होतं तिथंच, हवेत, तसंच राहिलं.

"अगं, हे पडत कसं न्हाय?"

"पडत न्हाय आई. असंच असतंय ह्यात."

"असंच म्हंजे? धरलंय कुणी त्याला वर?"

ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला मात्र हसू येईना. सारण खाली लागलं ते लागलंच, पण मी तिथून हलले नाही. मला काही कळलं नाही की मी अशीच त्याच्या मानगुटीवर बसते. लग्नाआधी उचगावात असताना मोटेच्या विहिरीवर पंप बसवला, तेव्हा पाणी वर चढतंय कसं हे विचारून मी माझ्या वडलांना, आप्पांना, भंडावून सोडलं होतं. शेवटी त्यांनी पंप उघडून दाखवला होता.

जाताना लेकीनं तिचा जुना लॅपटॉप मला ठेवला, गेम घालून दिला. "बस खेळत. तुझं तुला कळंल. आमचं बेंगळूरचं पाच जणांचं एक जग हाय, एकदा तुला तिकडं न्हेते." मग कचेरीची जेवणाची सुट्टी झाली की मी डबा खाऊन टेबलावरच भिंती बांधायला लागले. शेजारचा स्टॅम्पपेपरवाला म्हणायचा, बाईंना ह्या वयात खूळ लागलं. मी म्हणायची, लागलं तर लागलं, तुमच्या पानतंबाखूपेक्षा बरं.

आता जे सांगायचं ते सांगायला जड जातं, पण सांगते.

दिवाळीच्या आधी मी लेकीचा बायोडाटा केला. लग्नाचा. हात सवयीचा, तासाभरात छापून तयार. उंची, रास, शिक्षण, मामांचं गाव, सगळं. 'अपेक्षा' म्हणून एक रकाना असतो. तो तिनं भरायचा असतो. तिथं मीच लिहून टाकलं: निर्व्यसनी, नोकरदार, शक्यतो बेळगाव किंवा कोल्हापूर भागातील. फोटो डकवला आणि सात घरी पाठवून दिला. तिला विचारलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे हो, विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. दिवसभर लोक माझ्यासमोर बसतात आणि त्यांच्या वतीनं मी लिहिते. "अर्जदार नम्रपणे विनंती करतो की..." आणि अर्जदार तिकडं विडी ओढत असतो.

पाडव्याला त्या सातांतली एक मंडळी दारात आली. लेक सुट्टीला घरी आलेली, आंघोळ करून बाहेर येते तर हॉलमध्ये अनोळखी पाच माणसं, आणि त्यांतल्या बाईच्या हातात तिचा फोटो. तिनं चहा दिला. नमस्कार केला. माणसं गेल्यावर कपबश्या मोरीत ठेवल्या आणि मग माझ्याकडं वळली.

"आई, माझा अर्ज तू कुणाला इचारून केलीस?"

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण राग माझ्या नाकावर. "आईला काय इचारायला लागतंय व्हय?" असं म्हणून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती गेली. सुट्टी अजून दोन दिवस होती. चिवड्याचा डबा टेबलावर तसाच राहिला, तो बघून मला आधी राग आला आणि मग रडू आलं. पुढं फोनवर आमचं बोलणं एवढंच. जेवलीस? व्हय. बरी हाईस? हाय. ठेवू? ठेव. असं दोन-अडीच महिने चाललं. मीही काय कमी नाही, मीही पुढं काही बोलले नाही. पण टेबलावर बसून दुसऱ्याचा वारसा दाखला लिहिताना 'कन्या' हा शब्द आला की हात थांबायचा.

संक्रांतीला फोन केला. तिळगूळ घे, गोड बोल म्हटलं. ती नुसतं 'व्हय' म्हणाली. मग मीच विचारलं, रविवारी काय करतीस म्हणून.

"गेम खेळतो आम्ही."

"मी येऊ?"

माझ्या तोंडून निघून गेलं.

"ये की. अकरा मॉड लागत्यात. यादी पाठवते. तुझं तू कर."

यादी आली. अकरा नावं, एकाखाली एक, इंग्रजीत. शेवटच्या नावापुढं मराठीत दोन शब्द: हे पण. बाकी कशी आहेस नाही, काय नाही. मॉड म्हणजे काय हेही सांगितलं नव्हतं, आणि मी विचारणार नव्हते. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, एवढं मला ठाऊक होतं. पण तिच्या त्या जगात मला माझ्या पायानं जायचं होतं. नाहीतर ती म्हणायची, हिला जमत नाही, आणि परत व्हय-न्हाय सुरू.

मॉड म्हणजे काय ते असं. गेम करणाऱ्यांनी गेम केला, विकला, झालं. मग खेळणाऱ्यांपैकीच कुणाला तरी वाटतं, ह्यात अमुक एक पाहिजे होतं. तो घरी बसून तेवढाच तुकडा तयार करतो आणि सगळ्यांना देऊन टाकतो. तो तुकडा म्हणजे मॉड. आपण तो उतरवून घ्यायचा, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा, की आपल्या गेममध्ये ती गोष्ट येते. मला हे लई आवडलं. भाड्याच्या घरात लोक स्वतःचं फडताळ ठोकून घेतात तसं. आणि कोण ही माणसं? एकाचं गाव नाही की आडनाव नाही, नुसतं काहीतरी टोपणनाव. त्यांना काय पडलं होतं?

एकेक नाव घेऊन मी त्याची माहिती वाचत बसले. शब्द अडला की फोनवर अर्थ बघायचा. पहिल्यानं कोपऱ्यात नकाशा येतो. दुसऱ्यानं खुर्चीवर बसता येतं. मूळ गेममध्ये खुर्ची बांधता येते पण बसता येत नाही, हे मला माहीत होतं, मीच एकदा अर्धा तास प्रयत्न केला होता. तिसऱ्यानं धुराड्यातून धूर येतो. चौथ्याचं वाचलं आणि मी टेबलावर थाप मारली. झाडाचा खालचा तुकडा तोडला की वरचं अख्खं झाड पडतं!

म्हणजे माझा प्रश्न खुळा नव्हता. जगात कुठंतरी आणखी कुणीतरी विचारलं होतं, हे पडत कसं नाही, आणि नुसतं विचारून न थांबता त्यानं ते पाडून दाखवलं होतं. मी ते शेजारच्या स्टॅम्पपेपरवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, बाई, गिऱ्हाईक थांबलंय.

अकराव्याची माहिती मात्र डोक्यावरून गेली. अवजड इंग्रजी, दोनच ओळी. अक्षरांसंबंधी काहीतरी होतं, एवढं कळलं. अक्षरं नटवायचं काहीतरी असणार, असं धरून मी पुढं गेले.

आता माझी चूक. ती समजायची तर आमच्या भागातली एक रीत सांगायला पाहिजे. इकडं कर्नाटक सरकार, म्हणून कचेरीचं काम कन्नडमध्ये आणि अर्जदार निम्मे मराठी. म्हणून मी अर्ज कन्नडमध्ये करते आणि त्याच्या मागं तोच अर्ज मराठीत जोडते. मागं एक म्हातारे गृहस्थ आले होते, ते म्हणाले, "आक्का, मागनं मराठी जोड बघ. म्या कशावर सही करायलोय ते मला कळू दे की." ती मराठी प्रत साहेब वाचत नाही. पण जोडायची. तसंच जुनं रेशन कार्ड जोडायचं आणि नवंही जोडायचं. आधीच्या नावाचा दाखला जोडायचा, नंतरच्या नावाचाही. साहेबाला पाहिजे ते साहेब घेईल, उरलेलं राहील. जोडलेलं जास्त झालं म्हणून कधी कुणाचा अर्ज परत आला नाही, कमी पडलं म्हणून आले. हे आमच्या रक्तातच भिनलेलं.

आणि ह्या मॉडांमध्ये प्रत्येकाच्या दोन-दोन फाईली. एक गेमच्या जुन्या आवृत्तीसाठी, एक नव्या. लेकीच्या जगाला कुठली चालते हे तिनं लिहिलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर बुचकळ्यात पडली असती. मी नाही. दोन्ही उतरवल्या. अकराव्याला रजा देऊन दहाच्या वीस.

आधी मॉड चालवणारा एक लोडर लागतो, तो बसवला. मग फाईली ठेवायचा फोल्डर शोधायला दोन दुपारी गेल्या, कारण संगणकानं तो लपवून ठेवलेला असतो. का लपवतो? मालक मी आणि माझ्यापासूनच लपवतो? सापडला तेव्हा वीसच्या वीस फाईली त्यात टाकल्या, हात झटकले, गेम सुरू केला.

गेम उघडला नाही. काळी खिडकी आली, मिटली आणि एक लांबलचक अहवाल आला. त्यात अगदी सुरुवातीला, काय बिघडलं ते सांगायच्या आधी, एक विनोदी वाक्य होतं! मी पुन्हा सुरू करून बघितलं. पुन्हा मिटला आणि ह्या खेपेला विनोद वेगळा. माझा पारा चढला. पंचवीस वर्षांत नाही नाही ते साहेब बघितले, पण नामंजूर करताना वर विनोद करणारा कुणी भेटला नव्हता.

रात्रीचं जेवण वाढताना मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. हे तंबाखूच्या वखारीत कामाला, संगणकाशी त्यांचा संबंध नाही. भाकरी मोडत म्हणाले, "एका जागंवर दोन माणसं नेमल्यासारखं झालं की. कोण काम करणार? अति तिथं माती."

आणि खरंच तेवढंच होतं. सकाळी अहवाल नेटानं खालपर्यंत वाचला तर तेच लिहिलेलं: हे मॉड दोनदा आहे, तेही दोनदा आहे, आणि अशी दहा नावं. इथं जास्तीचं जोडलेलं बाजूला ठेवत नाहीत, सगळंच नाकारतात. मला वाईट वाटलं, पण पटलंही. गेमच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा बारीक अक्षरांत होता, तो लेकीनंच घातलेला गेम, म्हणजे तिचा तोच माझा. हे आधी सुचायला काय झालं होतं? आकड्याशी जुळणारी एकेक ठेवली, बाकीच्या काढल्या.

गेम उघडला. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर झाडापाशी गेले आणि बुंध्याला ठोसे मारले. अख्खं झाड करकरत आडवं झालं. कचेरीच्या दारातून शिपाई बघायला आला, इतक्या मोठ्यानं मी ओरडले होते.

रविवारी दुपारी जेवणं आवरून मी घरी टेबलाशी बसले. लेकीनं यादीखाली त्यांच्या जगाचा पत्ता दिला होता, तो घातला. एक ओळ आली: तुमच्याकडं एक मॉड कमी आहे. नाव खाली. तेच, अकरावं.

नको असलेलं सगळं दोन-दोनदा जोडलं आणि जे तिनं 'हे पण' म्हणून सांगितलं होतं तेवढंच माझ्या मनानं वगळलं. तिनं लिहिलेलं मी माझ्या अकलेनं दुरुस्त केलं होतं. परत. मला त्या बायोडाट्यातला रकाना आठवला. पाणी प्यायले, अकरावं उतरवलं, ठेवलं, आणि पुन्हा पत्ता घातला.

आत गेले.

मी एका टेकडीवर उभी होते. खाली गाव, धुराड्यांतून धूर. समोरून एक चौकोनी माणूस पळत आला आणि माझ्यासमोर थांबून वर-खाली उड्या मारायला लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"आई? खरंच आलीस? कुणी करून दिलं?"

"कोण करून देणार? मीच केलं."

"अकराच्या अकरा?"

"आधी वीस घातल्या हुत्या." मग मी सगळं सांगितलं. ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"चल, माझं घर दाखवते. पाट्या बघत बघत ये," म्हणाली आणि तिचा माणूस पुढं पळाला.

वाटेत ओढा होता आणि ओढ्याकाठी लाकडी पाटी. वर कन्नड, खाली मराठी, आमच्या बाजारातल्या दुकानांवर असते तशीच. कन्नडमध्ये फक्त 'ओढा' एवढंच होतं. खाली मराठीत: 'इथं उडी मारायची. सगळ्यात लांब पट्टी दाबायची.' मी दाबली, पलीकडं गेले. पुढं उतारावर दुसरी. कन्नडमध्ये 'पायऱ्या'. मराठीत: 'हळू उतर. पडलं तर जीव जातो, पण परत येतो. भ्यायचं नाही.' तिसरी झाडांपाशी. कन्नडमध्ये 'झाडं'. मराठीत: 'आता पडतात.'

मी थांबले.

"तुझ्या दोस्तांत मराठी कुणाला येतंय गं?"

"कुणालाच न्हाय. दोघं कन्नड, एक तेलुगू, एक मल्याळी."

"मग मराठी कशाला जोडलीस?"

"गणपतीहून आल्यावर लावल्या. तुला न्यायचं म्हटलं हुतं न्हवं. पण ह्यात मराठी अक्षरं फुटून येत हुती, वेलांटी एकीकडं, काना एकीकडं. तुला वाचता आलं नसतं. म्हणून ते मॉड शोधलं. अकरावं. सगळ्यांना घालायला लावलं, त्या बिचाऱ्यांना त्याचा काय उपयोग न्हाय."

"आणि दिवाळीनंतर?"

"काढणार हुते. मग ऱ्हाऊ दिल्या."

डोळे पुसायला हात काढला तर माझा माणूस तिथंच उभा राहिला. ती "ये की" म्हणाली, तशी चालू लागले.

तिचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. दगडी भिंत, लाकडी दार, बाजूला खुर्ची. ती दारातून आत गेली आणि दार मिटलं. दारावर पाटी होती. ह्या पाटीवर कन्नड नव्हतं. नुसतं मराठी, तीनच शब्द.

'विचारून आत यायचं.'

कन्नड नव्हतं, म्हणजे ही पाटी त्या चौघांसाठी नव्हती. आणि ही गणपतीहून गेल्यावर लावलेली नाही, दिवाळीनंतरची आहे, हेही मला सांगायची गरज नव्हती. दार उघडायला माउसचं उजवं बटण दाबायचं असतं, मला माहीत होतं. माझ्या गेममधली दारं मी रोज उघडते. बोट बटणावर होतं. ते मी काढून घेतलं.

"माझं चुकलं गं," मी फोनवर म्हटलं. "तुझा अर्ज तुला न इचारता करायला नको हुता. सातही घरांस्नी उद्या फोन करून सांगते, आमच्या लेकीला इचारलं नव्हतं म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आत येऊ का?" मी विचारलं.

"थांब," ती म्हणाली. आवाज जाड झाला होता. "आत लई पसारा पडलाय. आवरते आणि सांगते."

"आवर सावकाश," मी म्हटलं, आणि दाराबाहेरच्या त्या खुर्चीवर बसले. दुसऱ्या मॉडमुळं बसता येतं.